बिजिनगा : नटलेल्या बाईच्या चित्रात पत कुणाची?

रेघोट्या

जपानी लाकडी ठशांची चित्रं म्हटली की होकुसाईची लाट डोळ्यांसमोर येते. पण एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, लाटा आणि डोंगर बरेच उशिरा खपायला लागले. त्याआधी चित्रांच्या दुकानदारांचा गल्ला भरला तो काबुकीच्या नटांनी आणि सुंदर बायकांनी. बायकांच्या या चित्रांना बिजिनगा म्हणतात. आज तीच चित्रं कॅफेच्या भिंतींवर आणि मोबाइलच्या कव्हरांवर 'गेइशा' म्हणून मिरवतात. त्यातल्या बऱ्याच जणी गेइशा नाहीतच.

मग कोण? ते चित्रातच सांगितलेलं असतं. आपल्याला वाचायची सवय नाही, एदोतल्या गिऱ्हाइकाला होती. कंगवा, कमरपट्टा, पाय आणि बरोबरची माणसं एवढ्यावरून तो बाई कुठल्या वस्तीतली, कुठल्या घरातली, कितव्या पायरीवरची हे ओळखायचा.

आधी डोकं बघा. योशिवारा या सरकारमान्य वेश्यावस्तीतली वरच्या पायरीची बाई, म्हणजे ओइरान असेल, तर कासवाच्या कवचाचे लांब काटे अंबाड्यातून चहूबाजूंनी बाहेर आलेले दिसतील आणि पुढे दोन-तीन कंगवे. गेइशाच्या डोक्यात एखादा कंगवा आणि एक-दोन काटे, बास. तिचं काम गाणं-वाजवणं. योशिवारातल्या गेइशांनी साधंच राहायचं, ओइरानच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवायचा नाही, असा दंडकच होता. मग ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा. ओइरानची गाठ पुढे असते, भली मोठी. मग पाय. ऐन थंडीतही अनवाणी, खाली काळ्या लाखेचे उंच गेता, म्हणजे लाकडी खडावा. आणि शेवटी सोबत. दोन्ही बाजूंना एकसारख्या कपड्यांतल्या लहान मुली, या कामुरो. सहा-सात वर्षांच्या असताना घरात आणलेल्या, मोठीच्या हाताखाली राबत-शिकत मोठ्या होणाऱ्या. जितकी सोबत जास्त, तितकी बाईची पायरी वरची.

इसोदा कोर्युसाई नावाच्या चित्रकाराने १७७५-७६च्या सुमारास एक मालिका सुरू केली, ती शंभराच्या वर चित्रांपर्यंत गेली. प्रत्येक चित्रात योशिवारातली एक ओइरान, तिच्या कामुरो, आणि अंगावर नव्या हंगामाचे किमोनो. मालिकेच्या नावातच 'नव्या नक्ष्यांचे नमुने' असं आहे. म्हणजे एका कागदात तीन जाहिराती: कपड्याची, घराची आणि बाईची. सुरुवातीच्या चित्रांत त्सुताया जुझाबुरो या तरुण प्रकाशकाचा हात होता. त्याचं दुकान योशिवाराच्या दरवाजाशी होतं आणि तो 'साइकेन' विकायचा. वसंतात आणि शरदात नव्याने निघणाऱ्या या पुस्तिकेत घरांची यादी, बायकांची नावं आणि नावावर हुद्द्याच्या खुणा असत. पुढे याच माणसाने उतामारो या चित्रकाराला मोठं केलं. एकाच दुकानात दरपत्रकही आणि कलाही.

आता माझं म्हणणं. चित्रातल्या बाईच्या अंगावर पत दिसते, पण ती तिची नाही. बहुतेक जणी आईबापांनी घेतलेल्या उचलीपोटी, साधारण दहा वर्षांच्या करारावर आलेल्या. किमोनो, काटे, बिछाना, सगळं कर्जात मांडलेलं. कामुरोंचा कपडालत्ता आणि त्यांच्या पदार्पणाचा खर्चही या मोठीच्याच डोक्यावर. नावसुद्धा तिचं नसे. ओगिया घराची 'हानाओगी' प्रसिद्ध होती, पण हानाओगी एक नव्हे. गादी चालवावी तसं एकीनंतर दुसरीला ते नाव मिळायचं. चित्र बघताना आपण 'काय रुबाब आहे' म्हणतो. तो रुबाब घरमालकाचा होता.

तुम्हाला काय वाटतं? चित्रं आवडणाऱ्यांनी तर बोलाच.

उगाचच

वाचतोय. पण एक प्रामाणिक प्रश्न. या सगळ्या बायकांचा चेहरा एकच का? लांबुळकं तोंड, बारीक डोळे, एवढूसं तोंड. कपडे बदलून तीच बाई उभी केल्यासारखी वाटते.

रेघोट्या

@उगाचच, चेहरा ओळखीसाठी नव्हताच मुळी. त्या त्या दशकाचा एक आदर्श चेहरा असे आणि सगळ्यांना तोच मिळे. हारुनोबु या चित्रकाराने काढलेल्या बायका १७६०च्या दशकात बाहुलीसारख्या नाजूक, कियोनागाच्या १७८०च्या दशकात उंच, शेलाट्या. ओळख पटायची ती घराण्याच्या चिन्हावरून.

उतामारोचं १७९३च्या सुमाराचं तीन सुंदरींचं चित्र शोधून बघा. वर मधोमध तोयोहिना, ती गेइशा. खाली एका बाजूला ओकिता, आसाकुसाजवळच्या चहाच्या टपरीवर चहा देणारी. दुसऱ्या बाजूला ओहिसा, र्‍योगोकुची, तिच्या घरचा खाऊच्या पापड्यांचा धंदा. ओकिताच्या कपड्यावर किरी नावाच्या झाडाच्या पानाफुलांचं चिन्ह, ओहिसाच्या ओकच्या तीन पानांचं, तोयोहिनाच्या प्रिमरोजचं. एदोतल्या पोरांना एवढं पुरे होतं.

आणि नीट पाहिलंत तर तिघींच्या नाकाच्या रेषेत, भुवयांत, डोळ्यांच्या कडेत किंचित फरक आहे. उतामारोने जे नवीन केलं ते हे. पूर्ण उभी बाई सोडून तो छातीपर्यंत आला, मागची जागा मोकळी ठेवून तिथे अभ्रकाची पूड चढवली. चेहऱ्याशिवाय बघायला दुसरं काही ठेवलंच नाही.

तुळशीबागेतली

मस्त धागा! टपरीवरची चहावाली पोरगी आणि तिची चित्रं विकली जातायत, हे फारच आवडलं. म्हणजे तेव्हाची इन्फ्लुएन्सरच की.

निशीकासाईकर

तोक्योत राहतो म्हणून थोडी भर.

ओकिता-ओहिसाच्या लोकप्रियतेवर सरकारने लगेच पाणी ओतलं. तेव्हा कान्सेई सुधारणांचा काळ होता, मुख्य मंत्री मात्सुदाइरा सादानोबुच्या काटकसरीचा. १७९०पासून प्रत्येक चित्रावर तपासनिसाचा गोल शिक्का लागायला लागला. १७९१मध्ये त्सुतायाची अर्धी मालमत्ता दंडात गेली, तीही चित्रांवरून नव्हे, योशिवारावरच्या पुस्तकांवरून. १७९३मध्ये हुकूम निघाला की चित्रात बाईचं नाव छापायचं नाही, अपवाद फक्त परवानाधारक वेश्यांचा. त्या तीन सुंदरींच्या चित्राच्या आधीच्या छपाईत नावं आहेत, नंतरच्या छपाईत उडवलेली आहेत. दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.

मग उतामारोने कोडी घातली. चित्राच्या कोपऱ्यात एक चौकट, तिच्यात भाजीच्या दोन जुड्या, एक बाण, समुद्र आणि भातखाचर. जपानीत ओळीने उच्चारलं की 'नानिवाया ओकिता', म्हणजे तिच्या टपरीचं आणि तिचं नाव. १७९६मध्ये कोड्यांवरही बंदी आली. १८००मध्ये मोठ्या चेहऱ्यांच्या चित्रांवर. शेवटी १८०४मध्ये हिदेयोशी हा जुना राज्यकर्ता बायकांच्या गराड्यात दाखवला म्हणून उतामारोच्या हातांत ५० दिवस बेड्या पडल्या. त्यानंतर दोन वर्षांत तो गेला.

१७९३च्या हुकुमाकडे @रेघोट्या यांच्या मुद्द्यासाठी पुन्हा बघा. चहावालीचं नाव छापलं तर गुन्हा, ओइरानचं छापलं तर चालतं. कारण तिच्या नावाचा बाजार सरकारनेच भरवलेला होता.

टवाळ_नंबर_वन

अर्धी मालमत्ता जप्त आणि तरी चित्रं छापतोय. या त्सुतायाला आमच्याकडून मानाचा मुजरा.

निशीकासाईकर

@टवाळ, इथल्या एनएचके या टीव्ही वाहिनीने २०२५ची अख्खी रविवारची ऐतिहासिक मालिका त्याच्यावरच केली. योशिवारात जन्मलेला पोरगा, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. तेवढ्यात उतामारो आणि शाराकु या दोन्ही चित्रकारांना उभं करून गेला.

आबा_वाईकर

१७९३ म्हणजे इकडे सवाई माधवरावांची कारकीर्द. हे डोक्यात ठेवून वाचलं की बरं पडतं. चालू द्या.

ठोकळेकार

मी जेजेला प्रिंटमेकिंग शिकलो, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. सही उतामारोची असते पण त्याने लाकडाला हातही लावलेला नसतो. प्रकाशक पैसे घालतो, चित्रकार पातळ कागदावर रेषा काढून देतो, कोरणारा तो कागद उलटा चिकटवून रानचेरीच्या फळीत कोरतो, छापणारा छापतो. चित्रकाराचं मूळ रेखाटन कोरण्यातच संपतं.

आता त्या बायकांच्या कपाळाशी झूम करा. केस जिथे उगवतात ती कड. चित्रकार तिथे नुसता अंदाज देतो. प्रत्यक्ष केस कोरतो तो कारखान्यातला सगळ्यात तयार हात, डोकी कोरणारा. मिलिमीटरला दोन-तीन केस, आणि कोरायचं म्हणजे केस काढायचा नाही, केसाच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून केस उभा ठेवायचा. कपडे, हात, पाय हे हाताखालच्यांचं काम. म्हणजे कारखान्यातही पत होती, आणि ती बाईच्या डोक्यावरच ठरायची. 🙂

आम्ही रोलरने तेलाची शाई लावतो. हे लोक ब्रशने पाण्यातला रंग आणि तांदळाची खळ फळीवर घोळवतात, वरून ओलसर कागद ठेवतात आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने, बारेनने, घासतात. प्रत्येक रंगाला वेगळी फळी. दहा-बारा फळ्या असल्या तरी रंग हलत नाही, कारण प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच आणि बाजूला एक सरळ खाच असते. कागद तिथे टेकवायचा. आमच्या वर्गात रजिस्ट्रेशन हुकलं की सर ही खाच आठवून द्यायचे.

काही ठिकाणी शाईच नसते. कोरी फळी दाबून कागदावर नुसता उठाव आणतात. पांढऱ्या किमोनोवरची पांढरी नक्षी तशी असते. स्क्रीनवर ती दिसणारच नाही, कागद तिरपा धरून उजेड बाजूने पाडला तरच दिसते. महागडी छपाई आणि स्वस्त छपाई यातला फरक अशाच जागी कळतो.

शब्दखुळी

वा! @ठोकळेकार यांचा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा.

माझी शंका ओबीची. मी कुठेतरी वाचलं होतं की पुढे गाठ म्हणजे वेश्या, मागे गाठ म्हणजे घरंदाज, विषय संपला. पण काही चित्रांत बाळाला पाजणाऱ्या बायकांचीही गाठ पुढेच दिसते. त्या कोण?

रेघोट्या

@शब्दखुळी, त्या लग्न झालेल्या घरच्या बायका. एदो काळात (१६०३-१८६८), विशेषतः आधीच्या भागात, लग्न झालेल्या आणि वयस्क बायकाही गाठ पुढे बांधायच्या. मागे बांधायची पद्धत तरुण मुलींची, मग हळूहळू सगळ्यांची झाली. त्यामुळे एका खुणेवर निकाल द्यायचा नाही, दोन-तीन जुळवायच्या. बाह्या लांब लोंबत्या असतील तर बिनलग्नाची. बाह्या आखूड, दात काळे असतील तर बहुधा लग्न झालेली. भुवया भादरलेल्या असतील तर मूलबाळ झालेली. त्यात पुन्हा योशिवारातल्या ओइरानही दात काळे करायच्या, एदोतल्या गेइशा मात्र करायच्या नाहीत. अनवाणी पायांचंही तसंच. एदोतल्याच फुकागावा वस्तीतल्या गेइशाही थंडीत अनवाणी असत आणि वर पुरुषांचा हाओरी अंगरखा घालत. पण त्यांचं डोकं बघितलं की घोटाळा मिटतो. काट्यांचा तो पसारा नाही.

कोकणकडा_७

लेख चांगला, पण सूर पटला नाही. सगळं कर्ज आणि करार यात बसवलं की चित्रं बघण्यासारखं काही उरतच नाही. ओइरानला सुलेखन यायचं, कविता यायच्या, सुगंध ओळखायचे खेळ यायचे. त्यांच्या केशरचनेची नक्कल अख्खं शहर करायचं, व्यापाऱ्यांच्या बायकासुद्धा. एदोच्या फॅशनची दिशा त्या ठरवत होत्या. याला पत नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? उतामारोने जो आदर त्यांच्या चेहऱ्यात टाकलाय तो खोटा का?

निशीकासाईकर

@कोकणकडा यांच्या बाजूने एक गोष्ट. त्या चित्रांचा गिऱ्हाईकही अडाणी नव्हता. हारुनोबुची १७६६ची 'दिवाणखान्यातली आठ दृश्यं' घ्या. चीनमधल्या नदीकाठच्या आठ निसर्गदृश्यांचा जुना संकेत होता: उतरणारे हंस, शरदातला चंद्र, परतणारी शिडं, देवळाची सांजघंटा वगैरे. हारुनोबुने ती आठही घरात आणली. कोतो वाद्याच्या तारांखालचे तिरक्या ओळीतले पूल म्हणजे उतरणारे हंस. आरशाच्या स्टँडवरचा गोल आरसा म्हणजे चंद्र. दांडीवर वाऱ्याने फुगलेला पंचा म्हणजे शीड. घड्याळाचे ठोके म्हणजे घंटा. आणि या सगळ्यात नटणाऱ्या, बसलेल्या, गप्पा मारणाऱ्या साध्या घरच्या बायका. ही मालिका आधी एका सरदार-कवीने मित्रांत वाटायला करून घेतली होती. कोडं सुटलं की तुम्ही त्या मंडळींतले. इथे पत बघणाऱ्याचीही आहे.

रेघोट्या

@कोकणकडा, चेहऱ्यातला आदर खोटा नाही. तो कुठे कुठे पोचला ते बघू या, म्हणून उतामारोचंच उदाहरण देते.

१७९४-९५च्या सुमारास त्याने योशिवारातल्या पाच पायऱ्यांवरच्या पाच बायका काढल्या. मालिकेचं नाव 'उत्तरेकडच्या वस्तीतल्या शाईच्या पाच छटा'. पहिली ओइरान, हातात कुंचला, पत्र लिहिण्यात गढलेली. मग गेइशा. मग खालच्या घरातली मुलगी. मग खंदकाकाठच्या स्वस्त खोल्यांतली, तोंडात दात कोरायची काडी. आणि शेवटी सगळ्यात खालची, जिला बोलीत 'बंदूक' म्हणायचे. कपडा छातीवरून उघडा पडलाय, दातांत कागदाचा बोळा धरलाय, केस विस्कटलेले. पाचही चित्रांचा आकार एकच, चौकट एकच. पाचवीला त्याने जितकी जागा दिली तितकीच पहिलीला. मला उतामारो यासाठी आवडतो. पण ही पाच चित्रं ओळीने लावली की पहिलीचा कुंचला कुठल्या शिडीच्या टोकावर आहे तेही दिसतं. आणि शिडी खाली उतरायची असे. वय झालं, आजार आला, गिऱ्हाईक तुटलं की कविता येतात म्हणून कोणी खंदकाकाठी जाण्यापासून वाचवत नव्हतं.

दुसरी मालिका योशिवारातल्या बारा प्रहरांची, तीही त्याच सुमाराची. शीर्षकाची चौकट घड्याळाच्या आकाराची. यातला बैलाचा प्रहर, म्हणजे रात्री एक ते तीन, अवश्य बघा. ओइरान अर्धवट झोपेत उठलीय. एका हातात जळती कागदी वात, दुसऱ्या हातात कागद. शौचाला निघालीय आणि पायाने चाचपत चप्पल शोधतेय. डोक्यात तो थाट नाही. अंगावर ओढलेला किमोनो खांद्यावरून घसरतोय. एवढी देखणी रेष आणि विषय हा! गिऱ्हाइकाला जे दिसत नाही ते दाखवण्याचा हा आव आहे, हे खरं. विकायलाच काढलंय तेही. पण पायाची ती बोटं बघा. ती कुणीतरी नीट निरखलेली आहेत.

फॅशनचं म्हणाल, तर योशिवाराच्या मुख्य रस्त्यावर दर वर्षी तिसऱ्या महिन्यात बहराला आलेली चेरीची झाडं बाहेरून आणून लावत. लोक बघायला लोटत. बहर ओसरला की उपटून नेत. चित्रांत ती झाडं वर्षानुवर्षं तिथेच उगवलेली असावीत अशी दिसतात.

वस्तीच्या चारी बाजूंनी खंदक होता आणि ये-जा करायला एकच मोठा दरवाजा. तिथून जवळच मिनोवाला जोकान-जी नावाचं देऊळ आहे. कोणी वाली नसलेल्या योशिवारातल्या बायकांची प्रेतं तिथे आणून टाकत. लोकांनी देवळाला नावच तसं पाडलं.

कोकणकडा_७

पाच छटांची मालिका माहीत नव्हती. शोधून बघितली. पाचवं चित्र बघून जरा वेळ काही सुचलं नाही. तरी माझा मुद्दा शिल्लक आहे: शिडी क्रूर होती म्हणून पहिलीचं अक्षर वाईट ठरत नाही. कर्ज घराचं, पण हात तिचा होता.

रेघोट्या

हे मान्य. हाताबद्दल भांडण नाहीच.

मंजिरी_बॉस्टनकर

रंगांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. आपण पुस्तकांत, संग्रहालयांत जी बिजिनगा बघतो त्यातले कित्येक रंग उडालेले आहेत. त्या काळचा गुलाबी-लाल करडईच्या फुलांचा. हो, आपली सोलापूरकडची करडईच! निळा एका रानफुलाच्या रसाचा, आपल्या केन्याच्या जातभाईचा. जांभळा या दोघांच्या मिश्रणाचा. तिन्ही उजेडात आणि दमटपणात टिकत नाहीत. जांभळ्याचा मातकट तपकिरी होतो, निळ्याचा पिवळट. त्यामुळे 'काय सोबर रंगसंगती आहे' असं ज्याला आपण म्हणतो, तो कधी काळी भडक जांभळा असू शकतो. आणि जांभळा-लाल म्हणजे मिरवायचे रंग. म्हणजे खूण पुसली गेली की बाईची पायरीच बदलते.

इथल्या, म्हणजे बॉस्टनच्या, म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१मध्ये दिलेली सुमारे ६,५०० चित्रं आहेत. अट अशी की भिंतीवर कधीच लावायची नाहीत. त्यामुळे ते रंग शाबूत राहिले. आता त्यांचे फोटो म्युझियमच्या साइटवर फुकट बघता येतात. हारुनोबुचा जांभळा एकदा तिथे बघा, मग बाकीची पुस्तकं फिकी वाटतील. प्रदर्शनात जाऊन मात्र ती बघायला मिळणार नाहीत. एवढ्या जवळ राहून माझी चिडचिड होते, पण अट घालणाऱ्यांचं बरोबर होतं.

तुळशीबागेतली

करडई!! मग माझा प्रश्न योग्य ठिकाणी पडेल. एइसेन नावाच्या चित्रकाराच्या बायकांचा खालचा ओठ हिरवा का असतो? मला आधी वाटलं छपाईची चूक आहे.

मंजिरी_बॉस्टनकर

@तुळशीबागेतली, मुद्दाम हिरवा आहे. करडईची लाली एकावर एक जाड थर देऊन लावली की वाळल्यावर तिच्यावर मोरपंखी हिरवट झळाळी येते. १८१०-२०च्या दशकांत तीच फॅशन होती. लाली भयंकर महाग. एवढे थर म्हणजे ओठांवर पैसे चोपडल्यासारखंच, आणि ते दिसावेत हाच हेतू. ज्यांना परवडत नव्हतं त्या आधी ओठाला काळी शाई लावत आणि वर लालीचा एकच पातळ हात देत. झळाळी तीच.

तुळशीबागेतली

शाईची युक्ती ज्या बाईला पहिल्यांदा सुचली तिच्या पाया पडावंसं वाटतंय. 😀

टवाळ_नंबर_वन

धाग्याचं नाव बदलून 'करडई : तेलापलीकडे' करा.

उगाचच

व्हॅन गॉगनेही अशीच एक बाई काढलीय ना? पिवळ्या पार्श्वभूमीवर?

निशीकासाईकर

हो, १८८७मध्ये, पॅरिसला असताना. मूळ चित्र एइसेनचंच. १८८६मध्ये एका फ्रेंच मासिकाच्या जपान अंकाच्या मुखपृष्ठावर ते छापलं होतं, आणि छापताना उलटं झालं होतं. व्हॅन गॉगने तेच गिरवलं, त्यामुळे त्याची ओइरान आरशातल्यासारखी उलटी उभी आहे. भोवतीच्या चौकटीत त्याने तळं, बांबू, बेडूक आणि करकोचे काढलेत. ते उगाच नाहीत. तेव्हाच्या फ्रेंच बोलीत बेडूक आणि करकोचा हे दोन्ही शब्द वेश्येसाठी वापरत. म्हणजे ओबीची गाठ आणि डोक्यातले काटे न वाचणाऱ्या पॅरिसकराला कळावं म्हणून त्याने त्याच्या खुणा जोडून दिल्या.

शब्दखुळी

या सगळ्यात एकही बाई चित्रकार नाही का? कंटाळा आला पुरुषांच्या डोळ्यांनी बघायचा.

निशीकासाईकर

आहे, आणि ती होकुसाईची मुलगी. कात्सुशिका ओइ. बापाच्या म्हातारपणी त्याच्याबरोबर राहून काम करायची. तिचं 'योशिवारातली रात्र' हे चित्र हाराजुकुच्या ओता संग्रहालयात आहे. ते ठशाचं नाही, हाताने रंगवलेलं आहे, आणि नेहमी लावलेलं नसतं. वेळापत्रक बघून जा.

रस्त्यावर अंधार आहे. लाकडी गजांच्या आड झगझगीत उजेडात बायका मांडून बसवल्यात, बाहेर बघे सावल्यांसारखे उभे. हे बसवणं रोजचं होतं, गिऱ्हाइकाने गजांतून बघून निवडायचं. उतामारोने आपल्याला चेहऱ्याशी नेऊन बसवलं होतं. ओइने आपल्याला रस्त्यावर, बघ्यांच्या मागे उभं केलंय. बायकांचे चेहरे गजांनी आणि उजेडाने कापलेत, एकीचाही धड दिसत नाही. काटे, कंगवे, लाल-सोनेरी कपडे मात्र लखलखतायत. तीन कंदिलांवर तिने स्वतःच्या नावाची अक्षरं लपवलीत. वेगळी सही केलेली नाही.

रेघोट्या

@निशीकासाईकर, हे चित्र मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, तुम्ही माझ्याहून छान लिहिलंत. मला जे म्हणायचं होतं ते या चित्रात कुठलंही स्पष्टीकरण न देता आहे.

आबा_वाईकर

सगळं वाचून काढलं. नातीने एक असं चित्र ऑनलाइन मागवायचं ठरवलंय. 'अस्सल, दोनशे वर्षं जुनं' म्हणतो विकणारा, आणि किंमत जेवणाच्या बिलाएवढी. काय करावं?

ठोकळेकार

आबा, त्या किमतीत अस्सल जुना उतामारो मिळत नसतो. पण घाबरायचं कारण नाही, फक्त काय घेतोय ते कळलं पाहिजे. आधी कागदाची मागची बाजू मागवून बघा. हाताने छापलेल्यात रंग कागदात मुरून मागे उमटतो आणि बारेन घासल्याचे गोल गोल माग दिसतात. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तो ऑफसेटचा पोस्टर आहे, पैसे देऊ नका. ठिपके नसतील आणि माग असतील, तर बहुधा मेइजी काळात (१८६८-१९१२) किंवा त्यानंतर पुन्हा कोरून छापलेली प्रत असेल. तिच्यावरही उतामारोचीच सही असते, त्यामुळे सहीवर विसंबू नका. तोक्योत आजही जुन्या पद्धतीने नवे ठसे कोरून छापणारे कारखाने आहेत, ते नवी प्रत म्हणूनच विकतात. माझं मत विचाराल तर तीच घ्या. रंग जसे मूळ गिऱ्हाइकाने पाहिले त्याच्या जवळ जाणारे असतात.

मंजिरी_बॉस्टनकर

आणि जी घ्याल ती काचेत, उन्हाच्या समोरच्या भिंतीवर नको. मागे आम्लरहित पुठ्ठा मागून घ्या. साधा तपकिरी पुठ्ठा कागदाला डाग पाडतो. पावसाळ्यात फ्रेम भिंतीपासून जराशी सुटी राहील अशी टांगा, नाहीतर मागून बुरशी धरेल.

आबा_वाईकर

मागच्या बाजूचा फोटो मागवला आहे. विकणारा म्हणतो, फ्रेम उघडता येणार नाही.

टवाळ_नंबर_वन

आबा, पोस्टर आहे ते.